बहुआकाशक रेडिओ संदेशवहन

रेडिओ तरंग अवकाशात सोडणाऱ्या किंवा अवकाशातून ग्रहण करणाऱ्या साधनास आकाशक म्हणतात; व्यवहारात त्यास अँटेना हे नाव रूढ आहे. प्रेषक व ग्राही या दोन्ही टोकांना एकाहून अधिक आकाशक योजून एकाच कंप्रतापट्टात व एकाच वेळी अनेक स्वतंत्र संदेशप्रवाह पाठविण्याच्या पद्धतीस बहुआकाशक रेडिओ संदेशवहन असे म्हणतात. अनेक आगत व अनेक निर्गत असलेली प्रणाली या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘मायमो’ हे संक्षिप्त नाव मिळाले आहे. घरातील व कार्यालयातील बिनतारी संगणक जाळी, तसेच चौथ्या व पाचव्या पिढीची भ्रमणध्वनी सेवा यांत ही पद्धत सर्रास वापरली जाते.

रेडिओ संकेत ग्राहीपर्यंत अनेक वाटांनी पोहोचतो व त्यामुळे त्याची तीव्रता सतत कमीजास्त होते. ही घटना विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात संदेशवहनातील एक मोठा दोष मानली गेली व तिच्यावर मात करण्यासाठी अभियंत्यांनी नाना उपाय योजले. शतकाच्या अखेरच्या दहा-पंधरा वर्षांत मात्र याच घटनेमुळे संदेशमार्गाची क्षमता अनेक पटींनी वाढविता येते, असे गणिताने व पुढे प्रयोगाने सिद्ध झाले. निसर्गातील घटना तीच राहिली. तिला विचारलेला प्रश्न बदलला. या बदलाचा इतिहास व त्यातून निष्पन्न झालेला क्षमता-सिद्धांत यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

संकेतातील चढउतार : प्रेषकाकडून निघालेला तरंग इमारती, डोंगर, झाडे, वाहने, तसेच घरातील भिंती व सामान यांवरून परावर्तित, विवर्तित किंवा प्रकीर्णित होऊन ग्राहीकडे येतो. प्रत्येक वाटेची लांबी निराळी असल्याने निरनिराळ्या वाटांनी आलेल्या तरंगांची कला भिन्न असते. कला जुळल्यास ते एकमेकांस बळ देतात, विरुद्ध असल्यास एकमेकांस पुसून टाकतात. ग्राही थोडा जरी हलला, तरी ही बेरीज बदलते. यामुळे होणाऱ्या संकेताच्या चढउतारास फेडिंग अशी इंग्रजी संज्ञा आहे.

या बदलाचे अंतर तरंगलांबीवर अवलंबून असते. ९०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सुमारे ३३ सेंमी. असते व साधारणपणे तिच्या निम्म्या, म्हणजे १६ ते १७ सेंमी. अंतरावर संकेताचे स्वरूप पालटते. ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन एवढे अंतर सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात काटते. म्हणजेच धावत्या वाहनातील ग्राहीच्या दृष्टीने संदेशमार्ग सेकंदातून शंभरेक वेळा बदलत असतो.

वाटा पुष्कळ असून त्यांतील कोणतीही एक विशेष प्रबळ नसेल, तर संकेताचा परमप्रसर ज्या संभाव्यता नियमास अनुसरतो, तो ब्रिटिश भौतिकीविज्ञ लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) यांनी १८८० मध्ये अनेक ध्वनिकंपनांच्या बेरजेचा विचार करताना मांडला होता. या नियमानुसार संकेताची शक्ती सरासरीच्या शंभराव्या भागापेक्षाही खाली जाण्याची संभाव्यता सुमारे १ टक्का असते. सरळ रेषेत येणारा एक प्रबळ तरंग त्यात मिसळलेला असेल, तर स्टीव्हन राइस (१९०७–८६) यांनी १९४४-४५ मध्ये दिलेला नियम लागू पडतो.

प्रारंभीचे प्रयत्न : अनेक आकाशक एकत्र वापरण्याची कल्पना रेडिओइतकीच जुनी आहे. गूल्येल्मो मार्कोनी (१८७४–१९३७) यांनी १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पोहोचविल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९०५ मध्ये, कार्ल फर्डिनांट ब्राउन (१८५०–१९१८) यांनी तीन आकाशकांतून योग्य कलाभेदाने तरंग सोडून ते एका दिशेला अधिक प्रमाणात पाठविता येतात, हे दाखवून दिले. आकाशकांची संख्या वाढवून तरंगशलाका अरुंद करणे, हा पुढील अनेक दशके बहुआकाशक रचनांचा मुख्य हेतू राहिला.

दुसरा हेतू चढउतारापासून संरक्षण मिळविण्याचा होता. १९२० नंतर लघुतरंगांवर दूर अंतराचे संदेशवहन सुरू झाले, तेव्हा आयनांबरातून निरनिराळ्या वाटांनी परतणाऱ्या तरंगांमुळे तारसंदेशातील अक्षरे गळू लागली. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीतील हॅरल्ड बेव्हरेज (१८९३–१९९३) व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, एकमेकांपासून पुरेशा अंतरावर उभारलेल्या आकाशकांतील संकेत एकाच वेळी क्षीण होत नाहीत. त्यांनी तीन आकाशकांनी ग्रहण केलेले संकेत एकत्र करणारी प्रणाली तयार केली व बेव्हरेज आणि एच्. ओ. पीटरसन यांनी १९३१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. या पद्धतीस विविधता ग्रहण म्हणतात. तिच्यामागील तत्त्व साधे आहे : एका आकाशकातील संकेत फार क्षीण होण्याची संभाव्यता शंभरात एक असेल, तर परस्परांशी संबंध नसलेल्या दोन आकाशकांतील संकेत एकाच क्षणी तितकेच क्षीण होण्याची संभाव्यता दहा हजारांत एक एवढीच राहते. अनेक आकाशकांतील संकेत कोणत्या प्रमाणात मिसळावेत, याची गणिती मीमांसा डी. जी. ब्रेनन यांनी १९५९ मध्ये व्यवस्थितपणे मांडली.

या काळात वेगळ्या विचाराची चाहूल एका ठिकाणी लागते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लिंकन प्रयोगशाळेतील रॉबर्ट प्राइस व पॉल ग्रीन यांनी १९५८ मध्ये ‘रेक’ नावाच्या ग्राहीचे वर्णन केले. शेतातील दंताळे ज्याप्रमाणे विखुरलेले गवत एकत्र ओढते, त्याप्रमाणे हा ग्राही निरनिराळ्या विलंबाने आलेले तरंग वेगळे ओळखून, त्यांची कला जुळवून एकत्र करी. अनेक वाटांनी येणारी ऊर्जा टाकून न देता गोळा करावी, हा विचार त्यात होता. तथापि संदेश एकच व वाटा अनेक, ही चौकट तेथेही कायम राहिली.

शॅनन यांचा सिद्धांत : संदेशमार्गातून किती अवगम नेता येईल, या प्रश्नाला काटेकोर उत्तर देण्याचे श्रेय अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील क्लॉड एल्वुड शॅनन (१९१६–२००१) यांना आहे. त्यांच्या १९४८ सालच्या लेखाने अवगम सिद्धांताची स्थापना केली [⟶ अवगम सिद्धांत]. प्रत्येक संदेशमार्गास एक ठराविक क्षमता असते. त्या क्षमतेहून कमी त्वरेने संदेश पाठविल्यास योग्य संकेतनाने चुकीची संभाव्यता हवी तितकी कमी करता येते, त्याहून अधिक त्वरेने पाठविल्यास ते शक्य होत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. गोंगाटयुक्त मार्गासाठी त्यांचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे :

क्ष = प × लॉग (१ + स/ग)

येथे क्ष ही दर सेकंदास बिटमध्ये मोजलेली क्षमता, प ही हर्ट्‌झमध्ये मोजलेली पट्टरुंदी, स ही संकेताची व ग ही गोंगाटाची शक्ती असून लॉगरिथमाचा आधार २ आहे.

या सूत्रातून एक कठोर वस्तुस्थिती पुढे येते. पट्टरुंदी दुप्पट केल्यास (स/ग हे गुणोत्तर कायम ठेवून) क्षमता दुप्पट होते. शक्ती वाढविल्यास मात्र ती लॉगरिथमाच्या मंद गतीने वाढते. उदा., संकेताची शक्ती गोंगाटाच्या १०० पट असताना पट्टरुंदीच्या प्रत्येक हर्ट्‌झमागे क्षमता दर सेकंदास ६.६६ बिट असते. शक्ती दुप्पट केली, तर ती केवळ ७.६५ बिट होते. प्रत्येक दुपटीमागे साधारण एका बिटाची भर पडते. रेडिओ वर्णपट मर्यादित असून त्यावर ध्वनिक्षेपण, विमानवाहतूक, संरक्षण, उपग्रह व भ्रमणध्वनी या सर्वांचा हक्क असल्याने पट्टरुंदी हवी तेवढी मिळत नाही. यामुळे बिनतारी संदेशवहनाची वाढ एका भिंतीपाशी येऊन थांबणार, असे अनेक वर्षे मानले जात होते.

चढउतारामुळे या क्षमतेत आणखी घट होते. वरील उदाहरणात सरासरी शक्ती तीच ठेवून संकेत रॅली नियमानुसार कमीजास्त होऊ दिला, तर दीर्घ काळातील सरासरी क्षमता ६.६६ वरून सुमारे ५.८८ बिटांवर येते. ग्राहीपाशी चार आकाशक लावून त्यांचे स्थिर संकेत एकत्र केले, तर एकंदर शक्ती चौपट होऊन क्षमता सुमारे ८.६५ बिट होते. केवळ एका टोकाला आकाशक वाढविण्याचा लाभ असा तुटपुंजाच राहतो.

विचारातील परिवर्तन : अनेक आगत व अनेक निर्गत असलेल्या मार्गाच्या क्षमतेचा विचार प्रथम तारांच्या संदर्भात झाला. दूरध्वनी केबलमधील शेजारशेजारच्या तारांच्या जोड्यांतील संकेत एकमेकांत मिसळतात. अशा मार्गांचे एकत्रित गणित बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधील एल्. एच्. ब्रँडनबर्ग व ए. डी. वाइनर (१९३९–९७) यांनी १९७४ मध्ये मांडले. त्याच प्रयोगशाळेतील जॅक विंटर्स यांनी १९८७ मध्ये रॅली नियमाने चढउतार होणाऱ्या रेडिओ मार्गाचा विचार केला आणि दोन्ही टोकांना अनेक आकाशक असल्यास एकाच कंप्रतापट्टात अनेक स्वतंत्र मार्ग उपलब्ध होऊ शकतात, असे दाखवून दिले. या लेखाचे महत्त्व त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आले.

जवळजवळ त्याच विचारापर्यंत एक वेगळी वाट कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात पोहोचली. तिचे दोन्ही प्रवर्तक भारतात जन्मलेले होते. टॉमस कैलात (१९३५– ) यांचा जन्म पुणे येथे झाला व तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये दूरसंदेशवहनाची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. आरोग्यस्वामी पॉलराज (१९४४– ) हे भारतीय नौदलाचे अधिकारी; लोणावळा येथील नौदलाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात व दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांचे शिक्षण झाले. पाण्याखालील ध्वनीवरून पाणबुडीचा वेध घेणाऱ्या ‘अप्सोह’ या सोनार यंत्रणेच्या विकासाचे नेतृत्व त्यांनी केले होते. अनेक ग्राहकांच्या रांगेने मिसळलेले ध्वनी वेगळे करणे, हा सोनारचा गाभाच होय. रेडिओ तरंगांच्या बाबतीतही तोच प्रश्न पॉलराज यांच्यापुढे आला. आकाशातून एकाच कंप्रतेचे संकेत टिपून वेगळे करण्याच्या प्रयोगांत, तरंग अधिक विखुरले गेल्यास संकेत वेगळे करणे अवघड होण्याऐवजी सोपे होते, असे त्यांना १९९१ च्या सुमारास आढळून आले. उच्च त्वरेचा एक संदेश अनेक मंद प्रवाहांत विभागून ते वेगवेगळ्या जागी असलेल्या प्रेषकांकडून एकाच कंप्रतेवर पाठविण्याच्या पद्धतीसाठी पॉलराज व कैलात यांनी १९९२ मध्ये अमेरिकन पेटंटाकरिता अर्ज केला. ते १९९४ मध्ये मंजूर झाले.

सिद्धांताला पूर्ण रूप मात्र बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्येच मिळाले. मूळचे तुर्कस्तानातील एम्रे तेलातार यांनी १९९५ मध्ये प्रयोगशाळेच्या अंतर्गत टिपणात अशा मार्गाच्या क्षमतेचे सूत्र सिद्ध केले. हे टिपण नियतकालिकात छापले जाण्यास १९९९ साल उजाडले. तोपर्यंत ते हस्ते-परहस्ते जगभर वाचले गेले होते. जेरार्ड फॉस्किनी यांनी १९९६ मध्ये ही क्षमता प्रत्यक्षात कशी गाठता येईल, याची थरांची रचना सुचविली व मायकेल गॅन्स यांच्यासह १९९८ मध्ये क्षमतेच्या मर्यादांचे सविस्तर विवेचन केले. स्टॅनफर्डमधील ग्रेगरी रॅले व जॉन सिऑफी यांनीही याच सुमारास, विलंब असलेल्या बहुमार्गी मार्गांसाठी तत्सम निष्कर्ष काढले. एकाच दशकात निरनिराळ्या वाटांनी हे सर्व संशोधन एकत्र आल्याने शोधाचे श्रेय कोणा एकालाच देता येत नाही. विंटर्स यांनी शक्यता दाखविली, पॉलराज व कैलात यांनी पद्धतीची कल्पना मांडली आणि तेलातार व फॉस्किनी यांनी तिचे माप व मार्ग निश्चित केले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

क्षमतेचे गणित : प्रेषकापाशी चार व ग्राहीपाशी चार आकाशक आहेत असे मानल्यास प्रत्येक प्रेषक आकाशकापासून प्रत्येक ग्राही आकाशकापर्यंत एक, असे एकूण १६ दुवे होतात. प्रत्येक दुव्याचा गुणक परमप्रसर व कला यांनी ठरतो. हे गुणक चार ओळी व चार स्तंभ यांत मांडल्यास संदेशमार्गाचा आव्यूह मिळतो. ग्राहीच्या प्रत्येक आकाशकावर चारही प्रवाहांचे मिश्रण येते. ग्राहीस चार मिश्रणांवरून चार मूळ प्रवाह शोधावयाचे असतात. शाळेतील बीजगणितात चार अज्ञातांची चार समीकरणे सोडवितात, त्यासारखाच हा प्रश्न आहे. समीकरणे एकमेकांपासून खरोखर भिन्न असतील, तरच ते सुटतात. मोकळ्या मैदानात दूरच्या प्रेषकाकडून तरंग सरळ रेषेत आल्यास जवळजवळ ठेवलेल्या सर्व आकाशकांवरील मिश्रणे जवळजवळ सारखी होतात, त्यामुळे समीकरणे एकाच समीकरणाच्या प्रती ठरतात. तरंग अनेक अडथळ्यांवरून विखुरले जाऊन आले, तर प्रत्येक दुव्याचा गुणक वेगळा पडतो व समीकरणे स्वतंत्र होतात. बहुमार्गी प्रसारण उपकारक ठरते ते या कारणाने.

आव्यूहाच्या साहाय्याने हा गुंतागुंतीचा मार्ग परस्परांत न मिसळणाऱ्या काही समांतर मार्गांत विभागता येतो. या समांतर मार्गांची संख्या दोन्ही टोकांच्या आकाशकसंख्यांपैकी लहान संख्येइतकी असू शकते व प्रत्येकाचे बळ आव्यूहापासून मिळणाऱ्या लाक्षणिक मूल्यांवरून ठरते. एकंदर क्षमता म्हणजे या सर्व मार्गांच्या क्षमतांची बेरीज होय. शक्ती कायम ठेवून आकाशकांची संख्या दोन्ही टोकांना सारखी वाढवीत नेल्यास क्षमता त्या संख्येच्या प्रमाणात वाढते, हा तेलातार व फॉस्किनी यांचा मध्यवर्ती निष्कर्ष आहे. वरील उदाहरणातील १०० हे गुणोत्तर घेऊन, चारही समांतर मार्ग समान बळाचे आहेत अशी आदर्श स्थिती कल्पिल्यास क्षमता ६.६६ च्या चौपट, म्हणजे सुमारे २६.६ बिट होते. एकाच आकाशकाच्या जोडीने एवढी क्षमता गाठावयाची, तर शक्ती सुमारे दहा लाख पट वाढवावी लागेल. प्रत्यक्षातील यदृच्छ मार्गात समांतर मार्गांचे बळ असमान असल्याने क्षमता या आदर्शाहून कमी भरते, तथापि ती वाढण्याचे प्रमाण तेच राहते.

यासाठी लागणारे गणित संख्याशास्त्रज्ञांनी बरेच आधी तयार करून ठेवले होते. यदृच्छ आव्यूहांचा एक महत्त्वाचा वर्ग जॉन विशर्ट (१८९८–१९५६) यांनी १९२८ मध्ये अभ्यासिला व त्याच्या लाक्षणिक मूल्यांचे वितरण १९३९ मध्ये अनेकांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. त्यांत कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील समरेंद्रनाथ रॉय (१९०६–६४) हेही होते.

प्रायोगिक पडताळा : सिद्धांताने दर्शविलेली वाढ इतकी मोठी होती की, तिच्याविषयी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. बेल लॅबोरेटरीजमधील पीटर वोल्नियान्स्की, फॉस्किनी, ग्लेन गोल्डन व रेनाल्डो व्हॅलेन्झुएला यांनी १९९८ मध्ये प्रयोगशाळेच्या इमारतीतच ८ प्रेषक व १२ ग्राही आकाशकांची प्रणाली चालवून दाखविली. सर्वांत बळकट प्रवाह प्रथम ओळखणे, तो मिश्रणातून वजा करणे व मग उरलेल्यांकडे वळणे, अशी तिची रीत होती. दर हर्ट्‌झमागे सेकंदास २० ते ४० बिट इतकी कार्यक्षमता त्यांनी नोंदविली. त्याच वर्षी सियावश अलामूटी यांनी दोन प्रेषक आकाशकांसाठी अतिशय सोपे संकेतन सुचविले. ग्राही लहान व स्वस्त असतानाही त्यास विविधतेचा लाभ मिळू लागला. व्हाहिद तारोख, नंबिराजन शेषाद्री व रॉबर्ट कॅल्डरबँक यांनी काल व अवकाश या दोहोंत पसरलेल्या संकेतनाचा व्यापक सिद्धांत मांडला.

मर्यादा व अटी : क्षमतेची वरील सूत्रे काही गृहीतांवर उभी आहेत. त्यांतील प्रमुख गृहीत म्हणजे ग्राहीला मार्गाच्या आव्यूहाचे अचूक ज्ञान असते, हे होय. प्रत्यक्षात हे ज्ञान मिळविण्यासाठी ठराविक चाचणी संकेत पाठवावे लागतात व त्यात वेळ खर्च होतो. धावत्या वाहनात मार्ग क्षणोक्षणी बदलत असेल, तर मोजमाप पूर्ण होईतो तो पालटलेला असतो. टॉमस मार्झेटा व बर्ट्रंड हॉखवाल्ड यांनी १९९९ मध्ये असे सिद्ध केले की, मार्ग आधी माहीत नसेल, तर तो जितक्या संकेतचिन्हांच्या अवधीपर्यंत स्थिर राहतो, तितक्या संख्येपलीकडे प्रेषक आकाशक वाढविल्याने क्षमता मुळीच वाढत नाही.

प्रेषकालाही मार्ग ज्ञात असल्यास शक्तीचे वाटप कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर अँड्रिया गोल्डस्मिथ व प्रवीण वरैया (१९४०–२०२२) यांनी १९९७ मध्ये एका आकाशकाच्या चढउतारी मार्गासाठी दिले. वरैया हे मुंबईत जन्मलेले व तेथील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी होते. संकेत क्षीण झाला की शक्ती वाढवावी, ही जुनी रूढी; त्यांच्या सिद्धांतानुसार मात्र मार्ग चांगला असताना अधिक शक्ती वापरावी व तो एका मर्यादेहून वाईट झाल्यास प्रेषण थांबवावे. उंचसखल तळाच्या भांड्यात पाणी ओतले असता खोल भागी ते अधिक साठते, त्यावरून या वाटपास जलभरण असे म्हणतात. बहुआकाशक प्रणालीतील समांतर मार्गांनाही हीच रीत लागू पडते.

दुसरी मर्यादा मंद चढउताराची आहे. ग्राही एका जागी स्थिर असेल, तर वाईट मार्ग बराच काळ तसाच राहतो व सरासरीला अर्थ उरत नाही. अशा वेळी ठरविलेल्या त्वरेने संदेश न पोहोचण्याची संभाव्यता विचारात घ्यावी लागते, एल्. एच्. ओझारॉव्ह, श्लोमो शामाई व वाइनर यांच्या १९९४ सालच्या लेखापासून ही दृष्टी रूढ झाली. लिझाँग झेंग व डेव्हिड त्से यांनी २००३ मध्ये दाखविले की, त्वरा व विश्वसनीयता यांची देवाणघेवाण अटळ आहे. चार-चार आकाशकांच्या प्रणालीत त्वरा न वाढविता सर्व बळ विश्वसनीयतेकडे लावल्यास विविधतेची पातळी १६ असते. त्वरा एका आकाशकाच्या प्रमाणात वाढविल्यास ती ९ वर, दोहोंच्या प्रमाणात वाढविल्यास ४ वर येते आणि चारही प्रवाहांची पूर्ण त्वरा घेतल्यास शून्य होते. बेव्हरेज यांच्या परंपरेतील संरक्षण व नव्या परंपरेतील वाढ या दोन्ही गोष्टी एकाच भांडवलातून येतात, हे या निष्कर्षाने स्पष्ट झाले.

तिसरी मर्यादा भौतिक आहे. आकाशक एकमेकांपासून साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जवळ असतील किंवा तरंग अगदी थोड्या दिशांनी येत असतील, तर दुव्यांचे गुणक स्वतंत्र राहत नाहीत. दोन्ही टोकांना विपुल प्रकीर्णन असूनही मधली वाट कुलपाच्या भोकासारखी अरुंद असल्यास समांतर मार्गांची संख्या एकावर येऊ शकते, हे २००० नंतरच्या संशोधनात दिसून आले. म्हणून आकाशकांची नुसती संख्या क्षमतेची हमी देत नाही.

अनेक ग्राहकांची प्रणाली : भ्रमणध्वनी सेवेत एक तळकेंद्र व अनेक ग्राहक असतात. रेमंड नॉप व प्येर हंब्लेट यांनी १९९५ मध्ये असे दाखविले की, ज्या क्षणी ज्या ग्राहकाचा मार्ग सर्वोत्तम असेल, त्या क्षणी त्यालाच सेवा दिल्यास एकंदर क्षमता महत्तम होते. ग्राहक जितके अधिक, तितका त्यांपैकी कोणाचा तरी मार्ग उत्तम असण्याचा संभव अधिक. येथेही चढउतार लाभदायक ठरतो. मात्र दूरच्या व अडचणीच्या जागी असलेल्या ग्राहकाची उपेक्षा होऊ नये म्हणून प्रत्यक्ष यंत्रणांत या नियमाला न्याय्य वाटपाची जोड द्यावी लागते.

एका तळकेंद्राच्या अनेक आकाशकांतून एकाच वेळी अनेक ग्राहकांना निरनिराळे संदेश पाठविताना एकाचा संदेश दुसऱ्यास व्यत्यय ठरतो. प्रेषकास हा व्यत्यय आधी ज्ञात असेल, तर त्याचा परिणाम क्षमता न गमावता टाळता येतो, असे मॅक्स कॉस्टा यांनी १९८३ मध्येच सिद्ध केले होते. या तत्त्वाच्या आधारे ज्यूझेप्पे काइरे व शामाई यांनी २००३ मध्ये महत्त्वाची प्रगती केली आणि हानान वाइनगार्टन, योसेफ स्टाइनबर्ग व शामाई यांनी २००६ मध्ये अशा प्रणालीच्या क्षमतेचे संपूर्ण क्षेत्र निश्चित केले. पुढे मार्झेटा यांनी २०१० मध्ये तळकेंद्रावरील आकाशकांची संख्या फार मोठी केल्यास काय घडते, याचा विचार मांडला. संख्या वाढत जाते तसा यदृच्छ चढउतार व गोंगाट यांचा प्रभाव सरासरीमुळे लोपत जातो व साध्या गणनेनेही प्रत्येक ग्राहकाचा संदेश वेगळा ठेवता येतो. त्यांच्या विश्लेषणात अखेरची अडचण म्हणून शेजारच्या तळकेंद्रांत तेच चाचणी संकेत वापरल्याने मोजमापात होणारी भेसळ उरते.

उपयोग : सिद्धांतापासून सर्वसामान्य वापरापर्यंतचे अंतर सुमारे दहा-पंधरा वर्षांत कापले गेले. एकात्मित मंडलांच्या किमती उतरल्याने आव्यूहांची गणिते खिशातील उपकरणात सेकंदात हजारो वेळा करणे शक्य झाले. बिनतारी संगणक जाळ्यांच्या ८०२.११एन या २००९ सालच्या मानकात चारपर्यंत समांतर प्रवाह व सेकंदास ६०० मेगॅबिटपर्यंत त्वरा यांची तरतूद करण्यात आली. चौथ्या पिढीच्या भ्रमणध्वनी सेवेचा पाया ठरलेल्या व २००८ मध्ये निश्चित झालेल्या एल्‌टीई मानकात ही पद्धत आरंभापासूनच होती. पाचव्या पिढीच्या तळकेंद्रांत ६४ प्रेषक-ग्राही शाखा असलेले आकाशक-फलक वापरात आले. पॉलराज यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल २०१४ मध्ये मार्कोनी पारितोषिक मिळाले. भारत सरकारने कैलात यांना २००९ मध्ये व पॉलराज यांना २०१० मध्ये पद्मभूषण देऊन गौरविले.

भारतात पाचव्या पिढीची सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तत्पूर्वी त्याच वर्षी झालेल्या वर्णपटाच्या लिलावात सुमारे १.५ लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. कंप्रतापट्टाचे मोल एवढे असल्याने त्याच पट्टातून अधिक संदेश नेण्याच्या पद्धतीस आर्थिक दृष्ट्याही मोठे महत्त्व आहे. शॅनन यांचे सूत्र या संशोधनाने खोटे ठरविले नाही. दोन टोकांमधील अवकाशात एका मार्गाऐवजी अनेक मार्ग असतात, हे ओळखून त्या प्रत्येकास तेच सूत्र लावले. वाटा किती खुल्या आहेत, हे मात्र भोवतालच्या भिंती, झाडे व डोंगर यांवरच अवलंबून राहते.